पाच नंबरची गौरा

१

"सुनेत्राताई, माझ्या घरातून एक जीव गायब हाय. आणि घरातले म्हणायलेत, काहीच गायब न्हाई."

ईश्वरअप्पा दारात उभे होते. डोळ्यांवर हिरव्या काचेचा मोठा चष्मा, गळ्यात मफलर, आणि चेहरा असा की सुनेत्राबाई पाठकांच्या हातातलं चहाचं गाळणं तसंच राहिलं. दोन्ही घरांमध्ये एकच भिंत. इतक्या वर्षांच्या शेजारात आप्पांना त्यांनी असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"आत या आधी. बसा."

"बसायला न्हाई आलो. तुमी विद्यापीठात पोरांच्या कागदावरच्या चोऱ्या पकडायचात ना? मग ही एक पकडून द्या."

ते खरं होतं. सुनेत्राबाईंनी परभणीच्या कृषी विद्यापीठात सांख्यिकी शिकवण्यात सगळी नोकरी घालवली होती. विद्यार्थी शेतातल्या नोंदी आणायचे. कुणी खरंच उन्हातान्हात फिरून रोपांची उंची मोजलेली असायची, तर कुणी हॉस्टेलच्या कॉटवर पडून आकडे रचलेले असायचे. बाई कागद वरून खाली एकदाच वाचत आणि म्हणत, "तू शेतात गेला नव्हतास." पोरगं कबूल करी. निवृत्तीनंतर अशी वेळ पुन्हा आली नव्हती.

"कोण गायब आहे, आप्पा?"

"गौरा," आप्पा म्हणाले आणि भिंतीला टेकले.

गौरा म्हणजे गोल्डफिश. ईश्वरअप्पांच्या घरात माशांच्या नऊ टाक्या होत्या, आणि पाचव्या टाकीत गौरा एकटीच राहायची. आप्पांच्या बायकोनं, शांतम्मानं, ती करंगळीएवढी असताना आणली होती. शांतम्मा जाऊन दोन वर्षं झाली. गौरा वाढत वाढत तळहाताएवढी झाली होती.

"टाकी रिकामी आहे?"

"न्हाई ना! तेच तर. टाकीत मासा हाय. तसाच केशरी, तसाच मोठा. पण ती गौरा न्हाई. मी नांदेडला डोळ्याचं ऑपरेशन करून लेकीकडं राहिलो, तेवढ्यात कुणीतरी बदलली. पोरगा म्हणतो, आप्पा, तुमचा डोळा नवा हाय, रंग वेगळे दिसणारच, डॉक्टरनं सांगितलंय. सूनबाई काही बोलतच न्हाई." त्यांनी चष्मा काढला. उजवा डोळा स्वच्छ होता. डाव्यावर मोतीबिंदूची साय होती. "मला हे कळल्याशिवाय मी दुसऱ्या डोळ्याला हात लावू देणार न्हाई. तारीख रद्द करा म्हणून लेकीला कळवलं सुद्धा."

सुनेत्राबाईंना रुद्रेशनं, आप्पांच्या मुलानं, मागच्याच आठवड्यात सांगितलं होतं. डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू फार पिकलाय, आता आणखी थांबणं धोक्याचं आहे, असं डॉक्टर म्हणाले होते.

त्यांनी गॅस बंद केला आणि पायात चपला घातल्या.

२

टाक्यांची खोली म्हणजे पूर्वीची बैठकीची खोली. आता तिथं बसायला एक स्टूल तेवढं उरलं होतं. भिंतींना लागून लोखंडी मांडण्या, त्यांवर नऊ काचेच्या टाक्या, आणि हवेच्या पंपांची एकसारखी घरघर. प्रत्येक टाकीशेजारी खिळ्याला एक पॅड टांगलेलं, पॅडला दोरीनं बांधलेलं पेन.

आप्पा वीज मंडळाच्या सबस्टेशनात ऑपरेटर होते. तासातासाला मीटर बघून लॉगशीट भरायची, हे त्यांच्या हाडात मुरलं होतं. निवृत्त झाल्यावर माशांचं लॉगशीट सुरू झालं. सकाळ, दुपार, संध्याकाळ, तीन ओळी. पाण्याचं तापमान, किती दाणे घातले, किती खाल्ले, पाणी बदललं का, आणि शेवटी शेरा. "नऊ टाक्यांचं ध्यानात ठेवतो म्हणणारा माणूस खोटं बोलतो," असं ते म्हणत. शांतम्मा त्यावर हसायच्या आणि सुनेत्राबाईंना सांगायच्या, "माझा ताप कधी लिहिला न्हाई ह्यांनी, माशांचा लिहितात."

पाच नंबरच्या टाकीत केशरी मासा शांतपणे शेपूट हलवत फिरत होता.

"जुना फोटो नाही का एखादा?"

"हाय की. फोटोत शांता हाय आणि मागं एक केशरी डाग हाय."

"मग तुम्हाला नक्की काय वेगळं दिसतंय?"

आप्पांनी काचेवर बोट टेकवलं. मासा वळलासुद्धा नाही. "एक, ही माझ्या बोटाकडं येत न्हाई. पण म्हणलं, विसरली असंल. दुसरं..." ते अडखळले. "हिच्या गालफडावर मला पांढरे दाणे दिसायलेत. बारीक, रव्यासारखे. असले दाणे नराला येतात. पण रुद्रेश म्हणतो, नव्या डोळ्याला ठिपके दिसतातच. आता माझाच डोळा मला खरं सांगतो का खोटं, ते मी कसं ओळखू?"

हे शेवटचं वाक्य त्यांनी इतक्या हळू म्हटलं, की सुनेत्राबाईंना माशापेक्षा त्यांचीच काळजी वाटली. ज्या माणसानं आयुष्यभर काट्याकडे पाहून आकडा लिहिला, त्याला स्वतःच्या नजरेवर भरवसा उरला नव्हता.

त्यांनी पिशवीतून भिंग काढलं आणि काचेला नाक लावून उभ्या राहिल्या. मासा वळेना. बऱ्याच वेळानं तो आळसावल्यासारखा समोर आला. कल्ल्याच्या झाकणावर एका ओळीत पांढरे ठिपके होते. रव्यासारखेच.

"आप्पा, दाणे आहेत. मलाही दिसतायत."

आप्पा स्टुलावर बसले.

"आणि आपली गौरा मादीच होती, हे नक्की?"

उत्तरादाखल आप्पांनी कपाटातून जुन्या पॅडांचा गठ्ठा काढला आणि चाचपून एक कागद पुढे केला. पाच नंबर, मागच्या उन्हाळ्यातला. शेऱ्याच्या रकान्यात त्यांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: 'गौरानं झाडाच्या पानांवर अंडी घातली. एकटीच हाय, फुकट गेली.'

अंडी घालणारी मादी, आणि समोर फिरणारा नर. डोळा नवा असो की जुना, मासा बदलला होता.

"म्हणजे माझा डोळा खोटा न्हाई," आप्पा म्हणाले. मग त्यांचा आवाज बदलला. "मग ताई, माझी गौरा कुठं हाय?"

दारात बांगड्या वाजल्या. सुनेत्राबाईंनी वळून पाहिलं. सून ऋतुजा चहाचे कप घेऊन उभी होती, आणि कप बश्यांमध्ये किणकिणत होते.

३

आप्पा नांदेडला होते तेव्हाचे सगळे कागद, आणि पाच नंबरचे त्याआधीचे, आप्पांच्या अक्षरातलेही, सुनेत्राबाईंनी त्याच दिवशी घरी आणले आणि जेवणाच्या टेबलावर पसरले. नऊ टाक्यांचे नऊ गठ्ठे. बहुतेक ओळी ऋतुजाच्या गोल, नीट अक्षरात होत्या. मधूनमधून रुद्रेशचं घाईचं, पुढं कललेलं अक्षर होतं. तो शाळेत शिक्षक, घरी असला की हातभार लावायचा. ऋतुजा घरीच ब्लाउज शिवायची, त्यामुळे मासे तिच्याच गळ्यात पडले होते.

बाईंनी सवयीप्रमाणे एकेक कागद वाचला नाही. नऊही कागद शेजारी शेजारी लावले आणि एकाच दिवसाची ओळ आडवी वाचत गेल्या. विद्यार्थी इथंच सापडायचे. एका वाफ्याचे आकडे रचता येतात, पण शेजारच्या वाफ्यावर पडलेला पाऊस ह्या वाफ्यावरही पडायला हवा.

डिसेंबरात थंडीची लाट आली होती. परभणीची थंडी ती, सकाळी नळाला हात लावला की बोटं बधिर व्हायची. आठ टाक्यांत पाणी गरम ठेवायचे हीटर होते. तरी त्या आठही टाक्यांचं तापमान त्या दिवसांत थोडं थोडं खाली गेलेलं दिसत होतं. ऋतुजानं एकेक आकडा प्रामाणिकपणे टिपला होता. एका ठिकाणी तर काळजीनं शेराही होता, 'सात नंबरचे मासे कोपऱ्यात जमलेत, टाकीवर गोधडी घातली.'

पाच नंबरला हीटर नव्हता. गोल्डफिशला थंड पाणी चालतं. म्हणजे घर गारठलं, तर सगळ्यांत जास्त गारठायला हवी ती पाच नंबरची टाकी.

त्या कागदावर लिहिलं होतं, चोवीस. दुसऱ्या दिवशी चोवीस. तिसऱ्या दिवशी सकाळी चोवीस, दुपारी चोवीस, संध्याकाळी चोवीस. खाण्याच्या रकान्यात रोज तेच 'थोडं खाल्लं'. आणि मग अचानक, रुद्रेशच्या अक्षरात: सतरा. 'चट खाल्लं.' त्यानंतर आकडे पुन्हा खऱ्या नोंदींसारखे चढउतार करू लागले होते.

सुनेत्राबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ज्या बाईनं सात नंबरच्या माशांवर गोधडी पांघरली, ती आळशी नव्हती. तिनं पाच नंबरचं पॅड भरलं होतं, पण टाकीकडे पाहिलं नव्हतं. कारण पाहण्यासारखं तिथं काही उरलं नव्हतं. आणि चोवीसचा सतरा झाला, त्या दिवशी दुसऱ्या कुणीतरी त्या टाकीत नवा मासा सोडला होता.

म्हणजे ऋतुजाला ठाऊक होतं. रुद्रेशलाही ठाऊक होतं. मग दोघं वेगवेगळं का लिहीत होते?

४

परभणीत एवढा मोठा गोल्डफिश मिळण्याचं ठिकाण एकच. स्टेशन रोडच्या आतल्या गल्लीतलं गोपाळचं दुकान. गोपाळ आप्पांचे पंप दुरुस्त करून द्यायचा आणि गौरावर त्याचा फार दिवसांपासून डोळा होता. "आप्पा, ही दुकानाच्या काचेत ठेवली तर गिऱ्हाईक हटणार न्हाई," असं तो दर वेळी म्हणायचा. रिक्षातून जाताना सुनेत्राबाईंनी तीही शक्यता मनात धरून ठेवली होती. खरी गौरा गोपाळच्याच काचेत असली तर?

नव्हती. काचेत नेहमीचे लहान मासे होते, आणि गोपाळ प्लास्टिकच्या पिशवीत हवा भरत होता.

"या, मॅडम! तुमी पण पाळायलात का काय?"

"बघायला आले. आप्पांच्या गौरासारखा मासा मिळेल का, मोठा?"

गोपाळचा हात थांबला. पिशवीतली हवा हळूहळू निघून गेली. "तसा कुठं मिळायचा, मॅडम. तेवढा व्हायला लय वर्षं लागतात. हैदराबादेहून मागवावा लागंल, एखाद्या शौकिनाच्या घरचा."

"मागवला होतास का कधी?"

"खामखा कशाला मागवू?" तो वळून फडक्यानं काच पुसू लागला. काच आधीच स्वच्छ होती. मग त्याला राहवलं नाही. पाठमोराच म्हणाला, "खायलाय ना तो नीट? थंडीत प्रवास झालता त्याचा."

"तो कोण, गोपाळ?"

गोपाळनं जीभ चावली. गौराला सगळी गल्ली 'ती' म्हणायची. तो काही बोलणार, एवढ्यात त्याची नजर सुनेत्राबाईंच्या खांद्यावरून मागं गेली.

"त्याला नका विचारू, काकू," मागून आवाज आला. "मीच शपथ घातली होती त्याला."

रुद्रेश हेल्मेट हातात धरून उभा होता.

५

समोरच्या हॉटेलात दोन चहा आले. रुद्रेशनं आपल्या कपाला हातही लावला नाही.

"माझ्या हातून मेली गौरा," तो म्हणाला. "मी पाच नंबरचा फिल्टर धुतला. घाईत नळाखाली धुतला, आणि तसाच लावला. नळाच्या पाण्यात औषध असतंय, आप्पांनी शंभरदा सांगितलंय. दुसऱ्या दिवशी दुपारी बघितलं तर टाकी रिकामी. म्हणून गोपाळकडून दुसरा आणवला."

"टाकी रिकामी? मेलेली गौरा कुठं होती मग?"

रुद्रेश गडबडला. "टाकून दिली... मीच. कचऱ्याच्या गाडीत."

"आताच म्हणालास, बघितलंस तेव्हा टाकी रिकामी होती."

 तो टेबलाकडे बघत म्हणाला, "काकू, तुमी ऋतुजाला काही विचारू नका. माझ्यावर घाला सगळं. आईनं गौरा आणली तेव्हा ती ह्या घरात नव्हती. आप्पा मला काय, दोन दिवस बोलायचे न्हाईत. तिला मात्र त्यांच्यासमोर आयुष्यभर मान वर करता येणार न्हाई."

सुनेत्राबाई घरी आल्या त्या सरळ शेजारच्या गच्चीवर गेल्या. ऋतुजा वाळलेले कपडे काढत होती. बाईंनी तिच्या हातातली चादर एका टोकानं धरली आणि दोघी घडी घालू लागल्या. पहिली घडी पडायच्या आत ऋतुजाच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"मीच मारली, काकू. मला अंदाज आला न्हाई, मी जास्त दाणे टाकत गेले. तिचं पोट बिघडलं असंल. सकाळी बघितलं तर वर तरंगायलेली."

"मग नवरा म्हणतो ते खोटं?"

ऋतुजाचा हात थांबला. "ते काय म्हणायलेत?"

"म्हणतो, त्यानं फिल्टर नळाखाली धुतला."

"न्हाई, न्हाई! त्यांचं काही ऐकू नका." ती घाबरून जवळ आली. "त्या रात्री त्यांना फिल्टर धुताना मी बघितलं होतं. पण तसं बोलू नका, तुमच्या पाया पडते. आप्पांनी हे ऐकलं तर म्हणतील, सख्ख्या पोरानं आईची आठवण मारली. माझंच नाव सांगा. मी परक्या घरची, मला चालंल."

"आणि आप्पांना कुणीच का सांगितलं नाहीत?"

"कसं सांगणार? डॉक्टर म्हणाले होते, डोळ्याला पाण्याचा थेंब लागता कामा नये, रडायचं तर अजिबात न्हाई. नांदेडहून वन्सं रोज फोन करायच्या, आप्पा गौराला विचारायलेत म्हणून. मी म्हणायचे, बरी हाय. एकदा बरी हाय म्हणलं, की दुसऱ्या दिवशी पण तेच म्हणावं लागतंय. मग एक दिवस बघते तर टाकीत मासा! यांनीच आणला असणार. मी विचारलं न्हाई. त्यांनी सांगितलं न्हाई."

खाली अंगणात रुद्रेशची मोटरसायकल येऊन थांबली. सुनेत्राबाई चादरीचं टोक हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. एकाच मरणाचे दोन गुन्हेगार होते, दोघांनी आपणहून कबुली दिली होती, आणि दोघंही खोटं बोलत होते. कारण गौराला मारणारा तिसराच होता, आणि त्याचं नाव बाईंना पहिल्याच दिवशी आप्पांच्या अक्षरात वाचायला मिळालं होतं.

६

संध्याकाळी चौघं टाक्यांच्या खोलीत जमले. आप्पा स्टुलावर, ऋतुजा दारात, रुद्रेश खिडकीशी. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते.

"आप्पा, तुमचा डोळा बरोबर होता," सुनेत्राबाई म्हणाल्या. "हा मासा गोपाळच्या दुकानातला आहे. तुम्ही नांदेडला असताना गौरा गेली. रुद्रेश म्हणतो, त्याच्या हातून गेली. ऋतुजा म्हणते, तिच्या हातून गेली."

"तू?" रुद्रेश एकदम वळला. "तू कशाला असं सांगितलंस?"

"आणि तुमी?" ऋतुजा म्हणाली. "तुमी का सांगितलं?"

"मला वाटलं तुझ्याकडून खाणं जास्त झालं, आणि तू भ्यालीस..."

"आणि मला वाटलं तुमच्या फिल्टरनं..."

दोघं थांबले. इतके दिवस एका ताटात जेवून, एका छताखाली राहून दोघांनी एकमेकांना मनातल्या मनात माफ केलं होतं, आणि ज्याची माफी दिली ते घडलंच नव्हतं. ऋतुजानं पदर तोंडाला लावला. रुद्रेश तिच्याकडे असा बघत राहिला, जणू ती आत्ताच घरात आली होती.

"तुम्ही दोघांनीही काही केलेलं नाही," सुनेत्राबाई म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून पाच नंबरचे कागद काढले. "फिल्टर एकदा नळाखाली धुतला म्हणून एवढा मोठा मासा एका रात्रीत जातो का, ह्यावर मी वाद घालणार नाही. मला त्याची गरजच नाही. जास्त दाण्यांचंही तसंच. ऋतुजानं घातलेले दाणे आप्पांपेक्षा कमीच आहेत. हे कागद आप्पा नांदेडला जायच्या आधीचे आहेत. सगळे आप्पांच्या अक्षरातले. वाचते."

त्यांनी वाचायला सुरुवात केली. दिवाळीच्या आधी: 'सगळे दाणे खाल्ले.' मग, 'निम्मे खाल्ले.' मग, 'तळाशी बसून हाय.' मग, 'दोन दाणे घेतले, एक थुंकला.' मग, 'बोट लावलं तर वर बघितलं, आली न्हाई.' आणि नांदेडला निघायच्या आदल्या दिवशीचा शेरा.  'मी येईपर्यंत थांब म्हणलं तिला.'



"म्हातारपणानं गेली, आप्पा. तुम्हाला हे ठाऊक होतं."

आप्पांनी मान खाली घातली. "ठाऊक होतं, ताई," ते म्हणाले. "ती काय, मी काय, वय झालं की झालं. मला कोणी मारली म्हणून विचारायचंच नव्हतं."

"मग मला कशाला बोलावलंत?"

"कारण मला हे दोघंही म्हणायचे, गौरा इथंच हाय. आता जी इथंच हाय, ती कुठं ठेवली म्हणून विचारू तरी कसं?" आप्पांनी गळ्यातला मफलर सैल केला. "आमच्यात मेलेल्या माणसाला जाळत न्हाईत, मातीत बसवतात. ती काय माणूस न्हाई, मला कळतंय. पण शांताच्या हातची होती. ती नाल्यात गेली का घंटागाडीत गेली, एवढंच मला पाहिजे होतं. कुणी सांगितलं असतं नाल्यात टाकली, तरी मी काही बोललो नसतो. पण ठाऊक पाहिजे होतं."

रुद्रेशनं सुनेत्राबाईंकडे पाहिलं. ह्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याजवळ नव्हतं, हे हॉटेलातच कळलं होतं.

"कागदावर तेवढं लिहिलेलं नाही," बाई म्हणाल्या. "पण ज्या दिवशी पहिल्यांदा खोटं चोवीस लिहिलं गेलं, त्या दिवशी दुपारच्या ओळी बाकीच्या आठही पॅडांवर रुद्रेशच्या अक्षरात आहेत. एरवी दुपारी ऋतुजा असते. रुद्रेश, त्या दिवशी ती कुठं होती?"

"रविवार होता. बाजारात जाते म्हणाली, स्कूटी घेऊन." तो आठवत म्हणाला. "संध्याकाळी आली ती रिकाम्या पिशवीनं. मी म्हणलं, भाजी न्हाई आणली का? म्हणाली, महाग होती. चपलांना काळी माती लागलेली होती."

सगळे ऋतुजाकडे बघू लागले. ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

"झरीला गेले होते," ती म्हणाली. "आपल्या शेतात. आईंच्या समाधीपाशी."

आप्पा स्टुलावरून उठले.

"आईंच्या इरकलीचा एक तुकडा माझ्या शिवणाच्या पेटीत होता, त्यात गुंडाळली. समाधीला लागून पुरली, तुळशीच्या बाजूला. खुरपं न्हाई सापडलं, हातानंच उकरलं. मला आणखी काय करावं ते सुधरलंच न्हाई, आप्पा. ती आईंची होती, म्हणून आईंकडं नेऊन दिली. कुणाला सांगितलं असतं तर म्हणले असते, येडी हाय, माशाला घेऊन थंडीत झरीला गेली."

आप्पा तिच्याजवळ गेले. सुनेच्या डोक्यावर हात ठेवायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे तो हात हवेत थोडा घुटमळला. मग टेकला, आणि बराच वेळ तिथंच राहिला.

"चल," ते म्हणाले. "उद्या मला दाखव."

७

दुसऱ्या दिवशी जिंतूर रोडनं चौघं रिक्षानं झरीला गेले. शेतात हरभरा गुडघ्याला आला होता आणि बांधावरच्या तुरीला शेंगा धरल्या होत्या. सुनेत्राबाई शांतम्माच्या समाधीपाशी गेल्या दोन वर्षांत आल्या नव्हत्या. एकदा यायचं ठरवून त्या अर्ध्या वाटेतून परतल्या होत्या, हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. आज त्या चालत गेल्या आणि बांधावर टेकल्या.

ऋतुजानं जागा दाखवली. तुळशीशेजारी मूठभर उंचवटा होता, त्यावर एक पांढरा दगड. आप्पा खाली बसले. समाधीला बेल वाहिला, आणि एक पान त्या दगडावर ठेवलं.

मग ते रडले. अगदी मोकळेपणानं, आवाज करून. दोन वर्षांत ते रडले नव्हते, हे रुद्रेशला माहीत होतं. तो पुढं होऊ लागला, पण सुनेत्राबाईंनी त्याचा हात धरला.

"आप्पा, डोळा..." ऋतुजा घाबरून म्हणाली.

"महिना झाला गं त्याला. आता चालतंय." त्यांनी मफलरनं तोंड पुसलं आणि शेताकडे नजर फिरवली, लांबवर, पार गावाच्या पाण्याच्या टाकीपर्यंत. "लय दिवसांनी एवढं लांबचं दिसायलं. रुद्रेश, नांदेडला फोन लाव. म्हणावं, तारीख ठेवा."

परतताना रिक्षात ऋतुजा आणि रुद्रेश शेजारी बसले होते. तो तिला काहीतरी हळूच विचारत होता आणि ती मानेनं नाही नाही म्हणत हसत होती. सुनेत्राबाईंनी बाहेर बघायचं पसंत केलं.

डाव्या डोळ्याच्या वेळी रुद्रेश आप्पांबरोबर नांदेडला गेला. टाक्या ऋतुजाकडे राहिल्या, आणि सोबत म्हणून सुनेत्राबाई रोज संध्याकाळी पलीकडे जाऊ लागल्या. ऑपरेशन नीट झाल्याचा फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या गेल्या, तेव्हा ऋतुजा आठ नंबरच्या टाकीसमोर उभी होती. हातातल्या जाळीत काळी मोली जातीची एक मासोळी निपचित पडली होती.

"काकू, मेली."

"दिसतंय."

"आता काय करू?"

सुनेत्राबाईंनी स्टूल ओढून घेतलं आणि बसल्या. ऋतुजानं जाळी खाली ठेवली, हात पुसले, आणि स्पीकरवर फोन लावला.

"आप्पा, डोळा कसा हाय? ... आप्पा, एक सांगायचं होतं. आठ नंबरमधली काळी मोली गेली. कालपासून पोट फुगलं होतं तिचं. मी वेगळं ठेवलं होतं, पण न्हाई वाचली."

 सुनेत्राबाई स्टुलावरून पुढं झुकल्या.

"म्हातारी होती का पिल्लं व्हायची होती?" आप्पांचा आवाज आला.

"पिल्लं व्हायची होती."

"अरेरे." मग, "मला सांगायला भ्यालीस का?"

"भ्याले."

"तरी सांगितलंस."

"हो."

"बरं केलंस, पोरी. आता बाकीच्यांना खायला घाल. वाट बघायली असतील ती."